मार पडण्याआधीचा क्षण

टॉम अँड जेरीचा कोणता भाग रंगणार आणि कोणता फसणार, हे सांगलीत आमच्या गल्लीतली पोरं सुरुवातीच्या पाट्यांवरूनच ओळखायची. आधी एमजीएम कंपनीचा सिंह डरकाळी फोडायचा. पाठोपाठ टॉम आणि जेरीचे चेहरे असलेली पाटी आली, की जागा सोडायची नाही. सिंहाच्या चौकटीत टॉमच येऊन म्यांव करून फिस्कारला, तर हा वेगळ्या धाटणीचा भाग. बघायचा, पण आशा बेतानं ठेवायची. पाटीवरची अक्षरं अनोळखी आणि मागचं संगीत पोकळ घुमणारं असलं, की कुणीतरी पाणी प्यायला उठायचं आणि लवकर परत यायचं नाही.

दिग्दर्शक म्हणजे कोण, स्टुडिओ म्हणजे काय, यातलं काही तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं. १९४० ते १९६७ या काळात चित्रपटगृहांसाठी या मालिकेचे १६१ भाग निघाले. त्यातले पहिले ११४ विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीचे, त्यानंतरचे १३ जीन डाइच यांचे आणि शेवटचे ३४ चक जोन्स यांचे. हे सगळं पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, तेव्हा कळलं की अभ्यासकांनी केलेली ही वाटणी आमच्या गल्लीनं एकही पुस्तक न उघडता केली होती. मुलांना दर्जा कळत नाही, रंग आणि धावपळ असली की त्यांचं भागतं, असं मोठी माणसं धरून चालतात. मला ते कधीच पटलेलं नाही. का आवडलं हे मुलांना सांगता येत नाही. कळतं मात्र पक्कं.

कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ला सुरू झालं. दिवसभर कार्टून आणि रात्री त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने हॉलीवूड चित्रपट. एमजीएमच्या जुन्या चित्रपटांचा साठा टेड टर्नरनं १९८६मध्ये विकत घेतला होता, म्हणून दुपारच्या उंदरामांजराला आणि रात्रीच्या गोऱ्या नटनट्यांना सिंह एकच. गच्च्यांवरून, विजेच्या खांबांवरून केबलच्या काळ्या वायरी घराघरांत येत होत्या. आम्ही मराठी शाळेतली मुलं. इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. त्यामुळे फ्लिंटस्टोन्स काय बोलतात, योगी नावाचं अस्वल कशावरून फुशारक्या मारतं, हे आमच्या डोक्यावरून जायचं. टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नव्हते. त्या सगळ्या परक्या पसाऱ्यात हे दोघे आमचे होते, आणि तेही पूर्णपणे. अमेरिकेतल्या मुलाला त्यात जे कळत होतं तेवढंच, एक कणही कमी नाही, सांगलीच्या विश्रामबागेतल्या मुलाला कळत होतं.

सुट्टीत साताऱ्याला आजोळी गेलं, की तिथेही हेच. आजोबा राजवाड्यावरून फिरून आले की आमच्या मागे खुर्ची ओढून बसायचे. टीव्हीवर इंग्रजी बातम्या लागल्या तर ते उठून जात; टॉम अँड जेरीला कधी उठले नाहीत. त्यांच्या कपाटात जुन्या दिवाळी अंकांची चळत होती आणि शि. द. फडणिसांची चित्रं ते आम्हाला काढून दाखवायचे. फडणीस बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, शाळा कोल्हापुरातली, म्हणजे आमच्याच मुलखातले. त्यांच्या चित्रांखाली ओळ नसते. एका तरुणाच्या शर्टावर मांजरं, शेजारी उभ्या तरुणीच्या साडीवर उंदीर, एवढ्यावर ते हसवतात. आजोबा म्हणायचे, "चित्राला बोलायला लागलं तर चित्रकार कमी पडला म्हणायचा." हे त्यांनी फडणिसांबद्दल म्हटलं होतं, पण तोच निकष ते टीव्हीतल्या मांजरालाही लावायचे.

आता जुन्या भागांत नेमकं काय होतं, ते नीट सांगायला हवं. पहिला भाग १९४०चा, 'पस गेट्स द बूट'. त्यात मांजराचं नाव जॅस्पर होतं आणि उंदराला पडद्यावर नावच नव्हतं. भाग गाजला, मग स्टुडिओत नावांसाठी स्पर्धा घेऊन टॉम आणि जेरी ही नावं ठरली. कामाची विभागणी स्वच्छ होती. बार्बेराचा हात वेगवान. प्रसंग रचायचे आणि त्यांची रेखाटनं करायची, हे त्याचं काम. कोणती हालचाल किती वेळ चालणार, कुठे थांबणार, कुठे सुटणार, हा हिशेब हॅनाचा. हॅनाला संगीताचं अंग होतं. मात्रा मोजून तो हालचाली बसवायचा. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळीसुद्धा हॅनाच्याच गळ्यातली. संगीतकार स्कॉट ब्रॅडली. उंदराच्या पायांची लगबग, मांजराची चोरपावलं, जिन्यावरून गडगडणारा टॉम, सगळं त्यानं वाद्यवृंदाकडून वदवून घेतलं. सात मिनिटांचा भाग म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबानं दहा हजारांहून थोड्या जास्त फ्रेम. त्या हातानं काढलेल्या चित्रांनी भरायच्या. केन म्यूज, आयर्व्ह स्पेन्स, एड बार्ज, रे पॅटरसन ही चित्रं हलवणाऱ्यांची नावं. ती पाटीवर झरकन निघून जायची आणि आम्ही कधी वाचली नाहीत.

एवढी चित्रं कशासाठी लागायची? धावण्यासाठी लागायची, पण त्याहून जास्त थांबण्यासाठी. 'माउस ट्रबल' हा १९४४चा भाग घ्या. उंदीर कसा पकडावा याचं पुस्तक टॉमला मिळतं आणि त्यातला एकेक उपाय तो करून पाहतो. कुतूहल असलेला उंदीर सहज सापडतो, असा एक धडा. टॉम पुस्तक वाचता वाचता हसत बसतो, जेरी काय आहे बघायला येतो आणि सापडतो. मग जेरी आपल्याच मुठी मिटून त्यात काहीतरी गमतीचं असल्यासारखा डोकावून बघतो. आता कुतूहल टॉमला. तो वाकतो, डोळा मुठीजवळ नेतो, आणि तिथे त्याच्या चेहऱ्याला जो वेळ दिलाय तो बघावा. त्याला बघायचंय, संशयही आहे, संशयावर कुतूहल मात करतं, हे सगळं आपल्याला दिसतं. मग ठोसा बसतो. ठोसा क्षणात संपतो. हसू आधीच्या वेळानं तयार करून ठेवलेलं असतं.

आमचे एक काका मिरजेत तबला शिकलेले. कार्टून बघताना त्यांचा हात मांडीवर चालायचा आणि टॉम आपटला की बरोबर तिथे थाप पडायची. ते म्हणायचे, "समेवर येतंय बघ पोरगं." समेची मजा समेत नसते, तिच्याकडे येण्यात असते, हे मैफलीत बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्या चित्रांची मजाही तशीच येण्यातली होती. काकांना मात्र काही भागांत थाप देता यायची नाही. हात उचललेलाच राहायचा आणि ते नापसंतीनं मान हलवायचे. कोणते भाग, हे आता सांगता येतं: सगळे १९५५ नंतरचे.

इथे मला माझं म्हणणं मांडायचं आहे. मालिका दुसऱ्यांच्या हातात गेली आणि बिघडली, ही सोपी कथा सगळीकडे ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. उतार सुरू झाला तो खुद्द हॅना आणि बार्बेरा यांच्याच हातून. १९४३ ते १९५२ या वर्षांतल्या भागांनी सात ऑस्कर मिळवले. सातवं 'जोहान माउस'चं, व्हिएन्नातल्या वाल्ट्झवर नाचणाऱ्या उंदराचं. त्यानंतर एकही नाही. टीव्हीशी टक्कर द्यायला चित्रपटांचा पडदा रुंद झाला, तसा १९५४पासून टॉम अँड जेरीचाही. रुंद पडद्यावर खोली मोठी दिसते आणि दोघे लहान. मागचे रंगीत, उजेडाचे पट्टे पडलेले दिवाणखाने जाऊन सपाट रंगांच्या भिंती आल्या. टॉमच्या कडेची रेघ जाड झाली, अंगावरची लव गेली. रेघ साधी झाल्यानं चित्र वाईट होतंच असं नाही. फडणिसांची रेघ साधीच आहे. पण इथे रेघेबरोबर चेहऱ्याला मिळणारा वेळही कापला गेला. टॉम विचार करताना दिसेनासा झाला. त्याला कल्पना सुचलेली असायची आणि तो निघालेला असायचा.

शेवटच्या वर्षांत दोघांचं भांडणच पातळ झालं. १९५८चा 'टॉट वॉचर्स' हा या जोडीचा शेवटचा भाग. सांभाळायला ठेवलेली मुलगी फोनवर गप्पा मारत बसलीय, तान्हं बाळ रांगत घराबाहेर पडून बांधकामाच्या सांगाड्यावर चढतंय, आणि टॉम अन् जेरी मिळून त्याला वाचवताहेत. बघायला वाईट नाही. पण त्यात टॉमला काही हवंय असं वाटत नाही. जुन्या टॉमला प्राण पणाला लावून हवं असायचं: उंदीर, मासा, शेजारची मांजरी, निदान पाच मिनिटांची झोप. त्याची हौस खरी म्हणून त्याचं हरणंही खरं.

असं का झालं, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत सापडतं. निर्माता फ्रेड क्विम्बी १९५५मध्ये निवृत्त झाला. कंपनीच्या लक्षात आलं की जुने भाग पुन्हा लावले तरी जवळपास नव्याइतकेच पैसे येतात. मग नवे कशाला काढायचे? १९५७मध्ये एमजीएमनं आपला कार्टून विभाग बंद केला. म्हणजे उत्तम कामानंच पुढच्या कामाचा घास घेतला. हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत दुःखद वाटतं. वाईट निघालं म्हणून बंद पडलं असतं तर समजण्यासारखं होतं. इथे आधीचं इतकं टिकाऊ निघालं, की त्याच्या करणाऱ्यांची गरज उरली नाही.

हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीसाठी, फार थोड्या पैशांत, आठवड्यामागून आठवडे काम करायचं तंत्र बसवलं. अंग स्थिर ठेवायचं, फक्त तोंड आणि हात हलवायचे, मागची भिंत तीच फिरवत राहायची. त्यांच्या टीव्हीवरच्या कितीतरी प्राण्यांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असतो. त्याच्या वरचं डोकं तेवढं नव्यानं काढलं की भागतं. शेकडो कलावंतांना त्यांनी काम दिलं, हे विसरता येत नाही. हालचाल परवडेना म्हणून त्यांची पात्रं बोलायला लागली, हेही तेवढंच खरं. आणि म्हणूनच ती आम्हाला परकी झाली. चित्रं महाग होती, शब्द स्वस्त होते.

जीन डाइचबद्दल मी कठोर होणार नाही. त्याचे १३ भाग १९६१-६२चे, प्राग शहरात केलेले. त्याच्याबरोबरच्या चेक चित्रकारांना मूळ मालिकेतले मोजकेच भाग बघायला मिळाले होते. देश लोखंडी पडद्याआड, पैसा तुटपुंजा, वेळ कमी. आवाज विचित्र घुमतात, हालचाली झटक्यानं होतात, आणि एक जाडा, टकला मालक टॉमला असा बडवतो की आम्ही पोरं गप्प व्हायचो. जेरीच्या हातचा मार खेळातला होता. तो देणारा आकारानं लहान, घेणारा थोराड. मालकाचा मार खेळातला नव्हता. त्या मालकासारखी माणसं आम्ही पाहिलेली होती. तरीही डाइच सामान्य कलावंत नव्हता, त्यानं वेगळ्या कामासाठी ऑस्कर मिळवलेलं होतं. स्वतःच्या शैलीत त्यानं चांगलं काम केलं असतं. त्याला दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या अंगावर बेतलेले कपडे घालून उभं केलं.

चक जोन्सकडे पैसाही होता आणि प्रतिभाही मोठी. त्याच्या भागांतल्या मागच्या चित्रांकडे आजही बघत राहावं. त्याचा टॉम जाड भुवयांचा, जेरी मोठ्या पाणीदार डोळ्यांचा आणि मोठ्या कानांचा, दोघे देखणे. पण ते उभे राहतात ते आपण कसे दिसतो याची जाणीव ठेवून. जुना टॉम स्वतःला विसरून धावायचा. ही पात्रं आपल्याला पुरती साधली नाहीत, हे जोन्सनं पुढे स्वतःच मान्य केलं, आणि त्या कबुलीमुळे माझा त्याच्याबद्दलचा आदर वाढलाच.

मग १९७५. टीव्हीसाठी नवी मालिका, आणि कंपनी पुन्हा हॅना-बार्बेराचीच. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीविरुद्ध पालकांचा आणि वाहिन्यांच्या नियमांचा दबाव वाढला होता. म्हणून टॉम आणि जेरी यांना मित्र केलं. दोघे मिळून सहलीला जातात, स्पर्धेत उतरतात, कोडी सोडवतात. जेरीच्या गळ्यात लाल बो आला. तो बो मला त्या कॉलर आणि टायच्या खानदानातला वाटतो. ज्यांनी ही जोडी जन्माला घातली त्यांच्याच कंपनीत तिच्यातलं भांडण काढून टाकलं गेलं. मारामारी नको म्हणणाऱ्या आईबापांची काळजी खोटी नव्हती. पण टॉम अँड जेरीत मार होता तेवढीच माया होती, हे त्यांना दिसलं नसावं. टॉम खरोखर संकटात सापडला की जेरी हळूच परत यायचा. ते परत येणं मोलाचं होतं, कारण आधी वैर होतं. सगळे मित्रच असतील तर कुणी परत यायचं आणि कुणाकडे?

जुनं ते सगळं सोनं, असं मला म्हणायचं नाही. पहिल्या बारा वर्षांतल्या अनेक भागांत घरातली एक कृष्णवर्णीय बाई आहे. तिचे बहुतेक वेळा फक्त पाय आणि सपाता दिसतात, बोलणं मुद्दाम खेडवळ आणि भडक. आम्हाला सांगलीत ती घरकामाची कुणी मावशी वाटायची. अमेरिकेत त्या पायांना वेगळा इतिहास होता, अपमानाचा. लिलियन रँडॉल्फ नावाच्या अभिनेत्रीनं तिला आवाज दिला; पुढे कधी आवाज बदलले गेले, कधी चित्रच बदललं. डाग तिथे आहे आणि मुलांना ते भाग दाखवताना तो सांगायलाच हवा. उत्तम कलाकृतीच्या अंगावर डाग असतो तेव्हा तो जास्त बोचतो, कारण तिच्याकडे आपण पुन्हा पुन्हा जात असतो.

सांगलीच्या माणसाला या सगळ्यातलं काहीच नवं वाटू नये. वरचं उचललं जातं आणि आतलं राहून जातं, हे आमच्या गावात आधी घडून गेलंय. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' हे नाटक केलं. सूत्रधार पदं गायचा, पात्रं त्याला धरून हालचाल करायची, बोलायची, आणि राक्षस पार्टी आरडाओरडा करत यायची. १८५१मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला. भावे मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, १८५३मध्ये मुंबईला पोचले. त्यांचं बघून कितीतरी मंडळ्या निघाल्या. त्यांनी काय उचललं? राक्षसांचा आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, कापसाच्या मिशा. 'अलल्डुर्र'चे खेळ असं लोक त्यांना म्हणायला लागले. भाव्यांच्या पदांमागची मेहनत, कथेची बांधणी, राक्षस येण्याआधीची शांतता, हे उचलायला अवघड होतं, ते राहून गेलं. १८८०मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि तो जुना खेळ मागे पडला.

भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, दोऱ्यांनी हलणाऱ्या. पुढे बाहुलीकार रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा लोकांसमोर आणल्या. ज्या माणसानं मराठी रंगभूमीची सुरुवात केली, त्याला निर्जीव लाकडाला चाल आणि ढब द्यावीशी वाटली, याचा मला फार अभिमान आहे. दरवर्षी ५ नोव्हेंबरला सांगलीत रंगभूमी दिन होतो, भाव्यांच्या नावाचं पदक दिलं जातं. एखादं वर्ष त्या बाहुल्यांसाठी राखून ठेवावं, असं मला वाटतं. दोरी कधी ओढायची यापेक्षा कधी ओढायची नाही, हे बघायला मिळेल.

माझी भाची साताऱ्यात असते, पहिलीत जाते. तिचं कार्टून टीव्हीवर कमी, ताईच्या मोबाइलवर जास्त. तिथे सगळ्या काळातले टॉम एकापाठोपाठ एक येतात. १९४४चा, १९६२चा, १९७५चा, २००६ नंतरच्या मालिकांतला, २०१४चा. कुणावरही साल नाही, नाव नाही. एक संपला की पुढचा आपोआप सुरू. एका दुपारी मी शेजारी बसलो होतो. बो लावलेला जेरी आला तशी ती म्हणाली, "मामा, हा नको. हा खोटा आहे." खोटा का, ते तिला सांगता आलं नाही. मी 'द कॅट कॉन्सर्टो' लावून दिला. कोट घातलेला टॉम पियानोवर लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सोडी वाजवतोय, जेरी आत पियानोच्या हातोड्यांवर झोपलाय. झोपमोड होते, भांडण सुरू होतं, पण समोर श्रोते बसलेले आहेत. टॉमला मारायचंही आहे आणि वाजवणंही थांबवायचं नाही. एका हातानं सूर, दुसऱ्या हातानं उंदीर, आणि चेहऱ्यावर कलावंताची इभ्रत. भाची शेवटपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "परत."

आजच्या मुलांचा एक वेगळा प्रश्न आहे, तोही सांगतो. त्यांच्या कार्टूनमध्ये आता कुणी गप्प बसत नाही. 'ऑगी अँड द कॉक्रोचेस' ही फ्रान्समधली मालिका जवळजवळ मुकी. आपल्याकडे आली तेव्हा त्या निळ्या मांजराला शाहरुख खानच्या नकलेचा आवाज देऊन अखंड हिंदी बडबड भरली. मुलं हसतात, खरंय. त्या नकलाकारांची करामतही मोठी. पण चित्र जे सांगतंय तेच तोंडानं सांगून टाकलं, की मुलाला चेहरा वाचायचं कारण उरत नाही. सातारा-सांगलीची मुलं खेळताना हिंदीत बोलतात ती अशाच हिंदी कार्टूनमुळे, असं मला वाटतं. भाषा शिकली म्हणून मला वाईट वाटत नाही. शब्दांशिवाय समजून घेण्याची जी सवय आम्हाला फुकट मिळाली, ती त्यांच्या हातून जातेय, याचं वाटतं. खुद्द टॉम आणि जेरीही १९९२च्या चित्रपटात बोलले, गायले. ते दोघे बोलायला लागले आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

बार्बेरानं मात्र शेवटपर्यंत पेन्सिल सोडली नाही. हॅना २००१मध्ये गेला. त्यानंतर, २००५मध्ये, नव्वदी ओलांडलेल्या बार्बेरानं 'द कराटे गार्ड' नावाचा एक नवा भाग केला. कथा त्याची, रेखाटनं त्याची. पुढच्याच वर्षी तोही गेला. तो भाग पहिल्या दर्जाचा नाही. रंग संगणकाचे, गती आजची. पण एकदोन ठिकाणी टॉमच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला वेळ दिलाय, आणि तो मी पुन्हा मागे नेऊन पाहिला. पंचेचाळीस-पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या घाईत काम केलेल्या माणसाला तो वेळ कुठे ठेवायचा हे अजून ठाऊक होतं.

माझं मागणं मोठं नाही. पुस्तकावर लेखकाचं नाव आणि आवृत्तीचं साल असतं. गाण्याच्या तबकडीवर गायकाचं. मुलांसमोर जो भाग येतो त्यावर तो कुणी केला आणि कधी केला, एवढं ठळक लिहावं, त्यांच्या लिपीत लिहावं. आमच्या गल्लीला सिंहावरून ओळखावं लागलं, कारण दुसरी सोय नव्हती. आजच्या मुलांना तर पाट्याही कापून दिल्या जातात. शाळांनी सुट्टीच्या शिबिरात एक तास काढावा आणि क्रमानं चार भाग दाखवावेत: १९४४चा 'माउस ट्रबल', १९४७ला पडद्यावर आलेला 'द कॅट कॉन्सर्टो', १९५८चा 'टॉट वॉचर्स' आणि १९६१-६२ मधला कुठलाही एक. काही समजावून सांगू नये. फक्त विचारावं, यातला कोणता पुन्हा लावू.